वाचक विचारतात : साइट बसली, तर सेटिंगच्या फायली कुठून आणायच्या?

गेल्या महिन्याच्या टपालात वेबसाइटच्या बॅकअपबद्दल इतकी पत्रं आली की या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवले आहेत. पहिलं उत्तर लांबलं आहे. पुढची उत्तरं त्याच्याच आधारानं लिहिली आहेत, तेव्हा ते आधी वाचावं.

प्रश्न : ताई, नमस्कार. चप्पल लाइनीत आमचं तिसऱ्या पिढीचं दुकान आहे. भाच्यानं वेबसाइट करून दिली. वर्डप्रेस या साइट बनवायच्या प्रोग्रॅमवर आहे, महिन्याच्या भाड्याच्या सर्व्हरवर चालते. भाचा आता पुण्यात नोकरीला असतो. मार्चअखेरीला सर्व्हरवरची जुनी उबुंटू (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टम) काढून नवी घालताना सगळं बंद पडलं. फोटो, मालाची यादी, ऑर्डरी यांचा बॅकअप रोज होत होता आणि तो सुखरूप मिळाला. तरीही ऑनलाइन दुकान चार दिवस धड चालेना. मोठा फोटो चढायचा नाही, जुन्या लिंका उघडायच्या नाहीत, पैसे भरले तरी ऑर्डर 'पेंडिंग' दिसायची. भाचा रात्री जागून एकेक आठवून लिहीत होता. बॅकअप होता, तर मग चार दिवस गेले कशात? आणि पुढच्या वेळी हे आपोआप व्हावं म्हणून काय करायचं?
– एक चप्पल विक्रेते, कोल्हापूर

उत्तर : दादा, चार दिवस आठवण्यात गेले. तुमच्या बॅकअपमध्ये माल होता, पण दुकान चालतं कसं हे ज्यांत लिहिलेलं असतं त्या फायली नव्हत्या. पुरात गोदाम वाचावं आणि चोपडी वाहून जावी तसं झालं.

तुमची एकेक अडचण घेऊन सांगते. इंजिनएक्स हा वेब सर्व्हर मुळात एक एमबीपेक्षा मोठी फाईल आत घेत नाही आणि वर्डप्रेस ज्या भाषेत चालतं ती पीएचपी दोन एमबीपेक्षा मोठी घेत नाही. कापशी चपलेची वेणी नीट दिसावी म्हणून मोबाइलवर जवळून काढलेला फोटो सहज चार-पाच एमबीचा होतो. भाच्यानं सुरुवातीलाच दोन्हीकडं ही मर्यादा वाढवलेली असणार. नव्या सर्व्हरवर ती पुन्हा एक आणि दोनवर आली. जुन्या लिंका चालत होत्या त्या 'हा पत्ता बदलला, तिकडं जा' असं सांगणाऱ्या ओळींमुळं, आणि त्या ओळी इंजिनएक्सच्या फाईलमध्ये होत्या. पैशांचंही तेच. गिऱ्हाइकानं पैसे भरले की पेमेंट गेटवे तुमच्या साइटच्या एका ठरलेल्या पत्त्यावर निरोप पाठवतो. तो निरोप वर्डप्रेसपर्यंत पोचवणारी ओळ नसेल, तर पैसे जमा होतात आणि ऑर्डर मात्र 'पेंडिंग' राहते. यातलं काहीही डेटाबेसमध्ये नसतं, फोटोंच्या फोल्डरमध्येही नसतं. सगळा मिळून काही केबींचा मजकूर, पण तो वर्षानुवर्षं एकेक ओळीनं साचलेला असतो. ज्यानं लिहिला त्यालाही तो पाठ नसतो. तुमच्याकडं तर लिहिणारा भाचाच गावात नाही.

उबुंटूवर यातलं बहुतेक सगळं 'ईटीसी' नावाच्या एका फोल्डरखाली असतं : इंजिनएक्स किंवा अपाची हा दुसरा वेब सर्व्हर, पीएचपी, मारियाडीबी हा डेटाबेस, फायरवॉल आणि साइट सुरक्षित आहे असं ब्राउझरला सांगणारी लेट्स एन्क्रिप्टची प्रमाणपत्रं. पण तेवढ्यावर थांबू नका. वर्डप्रेसची डब्ल्यूपी-कॉन्फिग फाईल साइटच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये असते, आणि डेटाबेसचं नाव, त्याचा पासवर्ड, लॉगिन टिकवणाऱ्या गुप्त किल्ल्या असं सगळं तिच्यातच असतं. ठरल्या वेळी चालणाऱ्या कामांची यादी, म्हणजे प्रत्येक वापरकर्त्याचा क्रॉनटॅब, 'व्हार' फोल्डरच्या पोटात असतो. भाच्यानं स्वतः लिहिलेल्या छोट्या स्क्रिप्टा बहुधा 'यूएसआर'च्या 'लोकल'मध्ये सापडतील. सर्व्हरवर कोणती पॅकेजं, म्हणजे तयार प्रोग्रॅम, मुद्दाम घातली होती, याची यादी तर रोज काढून एका फाईलमध्ये टाकावी लागते. ही यादी मी कधीही वगळत नाही. एखादं चिमुकलं पीएचपीचं जोडपॅकेज राहून गेलं म्हणून फोटोंचे छोटे आकार तयार होत नाहीत, आणि त्याचं कारण शोधण्यात अख्खी दुपार जाते, हे मी अनेकांकडं बघितलं आहे.

डीएनएस (साइटच्या नावावरून सर्व्हर कुठं आहे ते सांगणारी नोंदवही) तर तुमच्या सर्व्हरवर नसतोच. तो डोमेनच्या खात्यात असतो, किंवा नेमसर्व्हर जिथं ठेवले असतील तिथं. तुमचा मेल कुठं उतरायचा हे सांगणारं एमएक्स रेकॉर्ड, तुमच्या नावानं मेल पाठवायची परवानगी कुणाला आहे हे सांगणारं एसपीएफ, सही तपासणारं डीकेआयएम, सगळं तिथंच. ही नोंद एका फाईलमध्ये उतरवून घेण्याची सोय बऱ्याच ठिकाणी असते, तिला झोन फाईल म्हणतात. सोय नसेल तर नोंदी हातानं उतरवून घ्या. क्वचित बदलतात, त्यामुळं महिन्यातून एकदा पुरे.

आता आपोआपचं. माझ्याकडं असलेल्या प्रत्येक सर्व्हरवर मी दोन थर ठेवते.

पहिला थर इतिहासाचा. ईटीसीकीपर नावाचा छोटा प्रोग्रॅम उबुंटूवर एका आज्ञेत बसतो. तो ईटीसी फोल्डर गिटच्या, म्हणजे फायलींतल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, नोंदीखाली आणतो. रोज एकदा, शिवाय पॅकेज घालण्याच्या आधी आणि नंतर, काय बदललं ते आपणहून टिपून ठेवतो. नुसतं गिट वापरलं तर फाईल कुणाच्या मालकीची आहे आणि कुणाला वाचता येते, हे सगळं त्यात राहत नाही. ईटीसीकीपर तेही लिहून ठेवतो. याचा उपयोग रोजच्या छोट्या बिघाडांत सगळ्यात जास्त होतो. कुणीतरी गुरुवारी एक ओळ बदलली आणि शुक्रवारी साइट बसली, तर नेमकी कोणती ओळ ते लगेच दिसतं आणि जुनी ओळ परत आणता येते. गिटच्या त्या गाठोड्यात पासवर्डही असतात, म्हणून ते गिटहबसारख्या साइटवर सगळ्यांना दिसेल असं चढवायचं नाही.

पण हा इतिहास त्याच सर्व्हरच्या त्याच डिस्कवर राहतो. डिस्क गेली की तोही गेला. म्हणून दुसरा थर : वर सांगितलेल्या सगळ्या फायलींची प्रत रोज रात्री सर्व्हरच्या बाहेर पाठवायची. त्यासाठी मी रेस्टिक हा बॅकअपचा प्रोग्रॅम वापरते. पाठवण्याआधीच तो सगळं कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करतो आणि रोज फक्त बदललेला भाग नव्यानं साठवतो. सेटिंगच्या फायली मुळातच लहान, त्यामुळं वर्षभराच्या प्रती ठेवल्या तरी जागा किरकोळ लागते. बोर्गही तितकाच भरवशाचा आहे. फायलींचं गाठोडं बांधणाऱ्या साध्या टारनंही काम होतं, कुलूप मात्र वेगळं लावावं लागतं. काहीही वापरा, पण फायली नुसत्या ओढून पेनड्राइव्हवर टाकू नका. बाजारातला पेनड्राइव्ह बहुधा फॅट३२ किंवा एक्सफॅट पद्धतीचा असतो आणि त्यावर लिनक्सची मालकी, परवानग्या, लिंका टिकत नाहीत. लेट्स एन्क्रिप्टच्या 'लाइव्ह' फोल्डरमध्ये दिसतात त्या खऱ्या फायली नसतात, 'आर्काइव्ह'मधल्या फायलींच्या लिंका असतात. त्या तुटल्या की प्रमाणपत्राचं नूतनीकरण अडतं. टारच्या गाठोड्यात किंवा रेस्टिकमध्ये त्या जशाच्या तशा राहतात.

वर्षभराच्या प्रती हव्यात, कारण सेटिंगचा बिघाड उशिरा कळतो. लेट्स एन्क्रिप्टचं नेहमीचं प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं आणि ते मिळवून देणारा सर्टबॉट हा प्रोग्रॅम मुदतीचे साधारण ३० दिवस उरले की ते बदलून घेतो. ताजं प्रमाणपत्र आल्याच्या दुसऱ्या दिवशी तुमच्याकडून नूतनीकरणाची ओळ बिघडली, तर गिऱ्हाइकाला ब्राउझरचा धोक्याचा इशारा तीन महिन्यांनी दिसेल. सात दिवसांच्याच प्रती ठेवणाऱ्याकडं तेव्हा सगळ्या प्रती बिघडलेल्याच असतील. पूर्वी मुदत संपत आली की लेट्स एन्क्रिप्टकडून मेल यायचा. २०२५च्या जूनपासून तोही बंद झाला आहे.

हे काम क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, लावताना दोन ठिकाणी हमखास अडायला होतं. प्रतीच्या नावात तारीख यावी म्हणून आज्ञेत टक्क्याचं चिन्ह लिहितात. क्रॉनटॅबच्या ओळीत टक्क्याचा अर्थ 'ओळ इथं संपली' असा होतो, त्यामुळं हातानं चालवली की चालणारी आज्ञा रात्री अर्धवट तुटते. टक्क्याच्या आधी उलटी तिरकी रेघ द्यायची, किंवा सगळं एका स्क्रिप्टमध्ये लिहून क्रॉनला फक्त स्क्रिप्टचं नाव द्यायचं. मी दुसरं करते. आणि वेळ. भाड्याचे सर्व्हर बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालतात, आपण तिच्या साडेपाच तास पुढं. क्रॉनमध्ये 'रात्री दोन' लिहिलं तर काम आपल्याकडं सकाळी साडेसातला होतं. रात्री दोनला हवं असेल तर २० वाजून ३० मिनिटं असं लिहा.

रेस्टिकचा पासवर्ड सर्व्हरवर असतोच. तो फक्त तिथंच असला, तर सर्व्हर गेल्यावर बाहेरची प्रत कुणालाच उघडता येणार नाही. कागदावर लिहून एक प्रत घरी, एक बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. दुसरं असं, सर्व्हरच्या हातात बाहेरच्या प्रती पुसण्याचा अधिकार देऊ नका. सर्व्हरमध्ये घुसलेला माणूस आधी बॅकअप पुसतो आणि मग पैसे मागतो. 'फक्त भर घालता येईल, पुसता येणार नाही' अशी परवानगी बोर्गमध्ये आहे, रेस्टिकच्या स्वतःच्या सर्व्हरमध्ये आहे, आणि क्लाउडच्या साठवणीतही ठराविक दिवस वस्तू पुसता येऊ नये असं कुलूप बऱ्याच कंपन्या देतात.

आता परत आणायची वेळ आली तर. जुनं ईटीसी फोल्डर नव्या सर्व्हरवर जसंच्या तसं ओतू नका, हे भाच्यालाही सांगा. त्यात जुन्या डिस्कची ओळख सांगणारी एफएसटॅब फाईल असते, जुन्या नेटवर्कची मांडणी असते, वापरकर्त्यांचे जुने क्रमांक असतात. ओतलंत तर सर्व्हर पुढच्या रीबूटला उठणारच नाही, किंवा उठेल आणि नेटवर दिसणार नाही. प्रत बाजूच्या फोल्डरमध्ये उघडा आणि त्यातून हवं तेवढंच उचला. तुमच्या बाबतीत आणखी एक गुंता होता. उबुंटू २०.०४ बरोबर पीएचपी ७.४ यायची, २२.०४ बरोबर ८.१ आणि २४.०४ बरोबर ८.३. आवृत्तीगणिक सेटिंगचं फोल्डर वेगळं असतं आणि इंजिनएक्सच्या फाईलमध्येही पीएचपीचा पत्ता आवृत्तीसकट लिहिलेला असतो. जुना पत्ता तसाच राहिला की पडद्यावर '५०२' ही चूक येते. म्हणून फायली ठेवल्यावर आधी इंजिनएक्सला त्या फक्त तपासायला सांगा, '-टी' जोडून ही आज्ञा देता येते. मग इंजिनएक्स नव्यानं लोड करा. जुना आकडा फाईलमधली चूक नसतो, त्यामुळं या तपासणीत तो सापडत नाही. तो शोधून हातानंच बदलायचा.

भाचा पुढच्या खेपेला कोल्हापूरला आला की त्याला अर्धा दिवस घरात बसवा. साइट परत उभी करायची कृती त्यानं साध्या मराठीत कागदावर लिहून द्यावी, खाती कुणाच्या नावावर आहेत त्यासकट. तो कागद वाचून दुसऱ्या कुणालाही काम करता आलं पाहिजे.

प्रश्न : आमच्या वाचनालयाची साइट स्वस्तातल्या सामायिक होस्टिंगवर आहे. सीपॅनेल (ब्राउझरमधून होस्टिंग सांभाळायचं पान) मिळतं, सर्व्हरवर थेट शिरता येत नाही. डब्ल्यूपी-कॉन्फिग किंवा एचटीॲक्सेस (वेब सर्व्हरच्या सेटिंगची फाईल) बदलायच्या आधी मी त्याच फोल्डरमध्ये नावापुढं 'जुनी' असं जोडून एक प्रत ठेवते. शिवाय बॅकअपचा मोफत प्लगिन (वर्डप्रेसला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) आहे. एवढं पुरेल ना?
– ग्रंथपाल, गारगोटी

उत्तर : ताई, ती प्रत आजच्या आज तिथून हलवा. डब्ल्यूपी-कॉन्फिगच्या नावाचा शेवट पीएचपी असतो तोवर सर्व्हर ती फाईल चालवतो, आणि बाहेरच्या माणसाला कोरं पान दिसतं. शेवट बदलून 'बाक', 'ओल्ड' किंवा 'टेक्स्ट' केला की सर्व्हरच्या दृष्टीनं तो साधा मजकूर होतो. कुणी तो पत्ता टाकला तर तुमचा डेटाबेसचा पासवर्ड अक्षर न् अक्षर त्याच्या पडद्यावर येतो. हे पत्ते टाकून बघणारे प्रोग्रॅम नेटवर दिवसरात्र फिरत असतात, वाचनालय लहान की मोठं हे ते बघत नाहीत. फाईल हलवल्यावर डेटाबेसचा पासवर्ड आणि त्या फाईलमधल्या गुप्त किल्ल्याही बदला. किल्ल्या बदलल्या की सगळ्यांना पुन्हा लॉगिन करावं लागतं, तेवढा त्रास सोसा.

प्रती ठेवायच्या त्या 'पब्लिक एचटीएमएल' या साइटच्या फोल्डरच्या बाहेर, तुमच्या मुख्य फोल्डरमध्ये. तिथं वेबवरून पोचता येत नाही. सीपॅनेलमध्ये क्रॉनची सोय दिली असेल तर रोज रात्री या दोन फायली, तुमच्या पीएचपीच्या सेटिंगची फाईल आणि डेटाबेस यांचं एक गाठोडं तिथं बांधलं जाईल असं लावता येतं. आठवड्यातून एकदा ते वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. क्रॉनची सोय नसेल तर त्याच पॅनेलमधला पूर्ण बॅकअप महिन्यातून एकदा उतरवा. ईमेलचे फॉरवर्डर आणि डीएनएसच्या नोंदीही विसरू नका.

प्लगिनच्या सेटिंगमध्ये एकदा बघा. काही प्रचलित प्लगिनच्या मोफत आवृत्तीत फोटो, थीम, प्लगिन आणि डेटाबेस एवढंच येतं. डब्ल्यूपी-कॉन्फिग आणि एचटीॲक्सेस त्यात नसतात.

प्रश्न : शाहूपुरीत आमचा छापखाना आहे. २०१९ला आणि २०२१ला दुकानात पाणी आलं. आमच्या साइटचा सर्व्हर मुंबईत आहे, आणि त्याच्या सेटिंगचा बॅकअप दुकानातला कॉम्प्युटर रोज ओढून घेतो. म्हणजे दोन गावांत दोन प्रती झाल्या. पावसाळा तोंडावर आला आहे, आणखी काही करायला हवं का?
– छापखान्याचे मालक, कोल्हापूर

उत्तर : बॅकअप ओढून घेण्याची तुमची पद्धत चांगली आहे. सर्व्हरच्या हातात दुकानातल्या कॉम्प्युटरची किल्ली राहत नाही. मुंबईतला सर्व्हर आणि शाहूपुरीतला कॉम्प्युटर एकाच दिवशी जाण्याचीही शक्यता कमी. माझी काळजी वेगळी आहे. मुंबईच्या सर्व्हरवर शिरायची एसएसएचची किल्ली, म्हणजे लॉगिनसाठीची गुप्त फाईल, कुठं आहे? डोमेनच्या खात्याचा पासवर्ड कुठं सेव्ह आहे? तो ज्या मोबाइलवर ओटीपी मागतो तो कुणाकडं आहे? ही तिन्ही उत्तरं 'दुकानातला कॉम्प्युटर' आणि 'दुकानातला मोबाइल' अशी असतील, तर पाणी शिरल्यावर सर्व्हर मुंबईत ठणठणीत असेल आणि तुम्हाला त्याला हात लावता येणार नाही.

राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आहे, धोका पातळी ४३ फूट. या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन दिवसेंदिवस बंद राहिला, त्यामुळं पुण्याहून कुणी मदतीला येईल हाही भरवसा नव्हता. लाइट नव्हती, कितीतरी भागांत मोबाइलला रेंज नव्हती. तेव्हा एसएसएचची दुसरी किल्ली आणि पासवर्डांची कुलूपबंद फाईल तुमच्या विश्वासातल्या, पण दुसऱ्या गावातल्या माणसाकडं ठेवा. बहीण साताऱ्याला असेल, मुलगा बंगळूरला असेल, त्यांच्याकडं. ओटीपीसाठी बॅकअप कोड मिळतात ते छापून ठेवा, आणि छापलेला कागद तळमजल्यावर नको.

तिसरी प्रत क्लाउडमध्ये ठेवाच, आणि ती सर्व्हर ज्या कंपनीकडं आहे तिच्याकडं ठेवू नका. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथं ओव्हीएच या कंपनीच्या आवारात आग लागली आणि डेटा सेंटरची एक इमारत पूर्ण जळाली. ज्यांचा सर्व्हर आणि बॅकअप दोन्ही त्याच आवारात होते, त्यांच्यातल्या कित्येकांना काहीच परत मिळालं नाही. आग क्वचित लागते. पण कार्डाची मुदत संपून पैसे कापले न जाणं आणि अख्खं खातं गोठणं, हे आपल्याकडं वारंवार घडतं, आणि खातं एकच असेल तर सर्व्हर आणि बॅकअप एकदमच हातातून जातात.

दुकानातल्या कॉम्प्युटरबद्दल एक छोटी गोष्ट. रात्री लाइट गेली किंवा कुणी मशिन बंद करून गेलं, तर क्रॉनचं त्या रात्रीचं काम होतच नाही आणि नंतरही होत नाही. त्या कॉम्प्युटरवर लिनक्स असेल तर सिस्टमडीचा टायमर वापरा. त्यात 'पर्सिस्टंट' चालू केलं की हुकलेलं काम मशिन चालू झाल्यावर उरकलं जातं. विंडोज असेल तर टास्क शेड्युलरमध्येही 'वेळ हुकली तर शक्य तितक्या लवकर चालव' अशी खूण आहे.

प्रश्न : ताई, मी तंत्रनिकेतनात शेवटच्या वर्षाला आहे आणि कॉलेजच्या एका विभागाची साइट सांभाळतो. बॅकअपची स्क्रिप्ट मीच लिहिली. रोज फाईल जमा होते आणि 'यशस्वी' असा मेलही येतो. मित्र म्हणतो एकदा रिस्टोर करून बघ. चालत असलेल्या गोष्टीला हात कशाला लावायचा?
– एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : मित्राचं ऐक. आणि आधी त्या फाईलचा आकार बघ. एका संस्थेच्या सर्व्हरवर मी पोचले तेव्हा रोजची फाईल वेळेवर जमा होत होती, तारखा बरोबर होत्या, आणि प्रत्येक फाईल वीस बाइटची होती. डेटाबेसचा पासवर्ड बदलल्यामुळं डंपची, म्हणजे डेटाबेसची प्रत काढायची, आज्ञा अपयशी ठरत होती, पण तिचं आउटपुट पाइपमधून (एका आज्ञेचं आउटपुट पुढच्या आज्ञेला देणारी जोडणी) जीझिप या फाईल आवळणाऱ्या प्रोग्रॅमकडं जात होतं. जीझिपनं रिकाम्या मजकुराची इमानानं फाईल बांधली, आणि आज्ञा चालवणाऱ्या शेलनं पाइपमधल्या शेवटच्या आज्ञेचं म्हणणं खरं धरून 'यशस्वी' लिहिलं. रिकाम्या मजकुराची जीझिप फाईल वीस बाइटचीच होते. तुझ्या स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'पाइपफेल' चालू कर, म्हणजे पाइपमधली कुठलीही आज्ञा फसली तरी अपयश धरलं जाईल, आणि आकार ठरलेल्या मर्यादेखाली गेला तर स्क्रिप्टनं थांबून ओरडावं असं लिही.

मोठ्यांचंही असंच झालं आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या प्रोग्रॅमांचा कोड साठवणाऱ्या कंपनीत चुकीच्या सर्व्हरवरून डेटाबेसचं फोल्डर पुसलं गेलं. बॅकअप बघायला गेले तेव्हा रोजचा डंप झालेलाच नव्हता. त्यांचा डेटाबेस पोस्टग्रेसच्या ९.६ आवृत्तीचा आणि डंपची आज्ञा ९.२ची, त्यामुळं काम दर वेळी अडत होतं. अपयशाचे मेल निघत होते, पण मेलवर नीट सही नसल्यानं ते वाटेतच नाकारले जात होते. सुदैवानं कुणीतरी सहा तासांपूर्वी दुसऱ्या कामासाठी एक स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) घेतला होता, त्यावर साइट परत आली. काय घडलं ते त्यांनी सगळं जगासमोर लिहिलं. तू ते शोधून वाच. अभ्यासक्रमातल्या एका धड्याइतकं शिकायला मिळेल.

यातून मी घेतलं ते असं : अपयशाचा निरोप येण्याची वाट बघायची नाही, यशाचा निरोप आला नाही की घंटा वाजली पाहिजे. हेल्थचेक्स नावाची सेवा नेमकं हे करते. स्क्रिप्टच्या अगदी शेवटी, सगळं नीट झालं तरच, तिच्या एका पत्त्यावर टकटक करायची. ठरल्या वेळेत टकटक आली नाही तर ती तुला मोबाइलवर कळवते. सर्व्हर बंद पडला, क्रॉन बिघडला, डिस्क भरली, कारण काहीही असो, शांतता झाली की कळतं.

आता रिस्टोर. चालत्या साइटला हात लावायचाच नाही. तासावर भाडं घेणारा एक लहान सर्व्हर घे, त्यावर कोरी उबुंटू घाल आणि फक्त बाहेरच्या प्रतीवरून साइट उभी कर. जुन्या सर्व्हरमध्ये डोकावायचं नाही, स्वतःच्या लॅपटॉपवरची कुठली फाईल उचलायची नाही. डीएनएस बदलायची गरज नसते. तुझ्याच कॉम्प्युटरच्या होस्ट्स फाईलमध्ये साइटच्या नावापुढं नव्या सर्व्हरचा आयपी लिहिला की तुला एकट्याला नवी साइट दिसते, बाकीच्यांना जुनीच. फक्त त्या तालमीच्या सर्व्हरवरून खरे मेल किंवा खरे पैशांचे व्यवहार निघणार नाहीत एवढं आधी बघ, क्रॉन बंद ठेव. काम झालं की सर्व्हर पुसून टाक, भाडं थांबतं.

मार्केट यार्डातल्या एका गूळ व्यापाऱ्यांकडं मी अशी तालीम केली तेव्हा कीबोर्डवर त्यांच्या मुलाला बसवलं. त्यानं बी.कॉम. केलं आहे, सर्व्हर कधी बघितलेला नव्हता. त्याच्या हातात छापलेली कृती दिली आणि मी शेजारी गप्प बसले. तो जिथं थांबला तिथं कागदावर खूण केली. आज्ञा टाइप करण्यात तो फारसा अडला नाही. अडला तो डोमेनच्या खात्यापाशी, कारण ते खातं काम सोडून गेलेल्या एका मुनिमांच्या जुन्या ईमेलवर होतं. त्या मुनिमांचा फोन लागला, ते माणूस चांगले, त्यांनी लगेच ओटीपी सांगितला. त्याच बैठकीत खातं मालकांच्या नावावर करून घेतलं आणि कागदात ती ओळ सुधारली. दुसऱ्यांदा अडला तो रेस्टिकच्या पासवर्डपाशी. हातानं लिहिलेल्या कागदावर इंग्रजी मोठा 'ओ' आणि शून्य सारखेच दिसत होते. तेव्हापासून मी पासवर्ड छापून देते, आणि शून्याच्या पोटात रेघ असलेला फाँट वापरते.

तुझ्या विभागाच्या साइटची तालीम परीक्षा संपल्यावर, निकालाची गर्दी सुरू व्हायच्या आत कर. कीबोर्डवर तू बसू नकोस. पुढच्या वर्षी ही साइट ज्याच्याकडं जाणार आहे त्या मुलाला बसव.